कोरियन व्हरायटीच्या जगात शिरताना

२०१५ सालच्या मे महिन्यात दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर मुंबईचा धोबीघाट दिसला. 'इन्फिनिट चॅलेंज' या कार्यक्रमाला दहा वर्षं पूर्ण झाली होती. त्याचं बक्षीस म्हणून कलाकारांना सुट्टीवर नेतो असं सांगून निर्मात्यांनी त्यांना बँकॉकला नेलं. तिथे पोचल्यावर कळलं, की सुट्टी वगैरे काही नाही, परदेशात जाऊन अंगमेहनतीची कामं करायची आहेत. जोड्या पडल्या. एक जोडी केनियात हत्तींची पोरकी पिल्लं सांभाळायला गेली, एक चीनला गेली, आणि यू जे-सोक व क्वांगही हे दोघे मुंबईला येऊन धोबीघाटावर कपडे धुवायला उभे राहिले.

हा भाग कुणी सहज लावून पाहिला तर त्याला दोन परदेशी पुरुष पाण्यात उभे राहून कपडे आपटताना दिसतील, आणि यात एवढं हसण्यासारखं काय, असा प्रश्न पडेल. दहा वर्षं दर शनिवारी हा कार्यक्रम पाहणाऱ्या कोरियन प्रेक्षकाला मात्र त्याच दृश्यात बरंच काही दिसत होतं. क्वांगही काही आठवड्यांपूर्वीच या चमूत आला होता. मोठी निवड होऊन त्याला जागा मिळाली होती आणि आपण इथे शोभतो का, ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हती. त्याच्या शेजारी होता तो यू जे-सोक, देशातला सगळ्यांत लाडका सूत्रसंचालक, ज्याने या कार्यक्रमात कुठलंही काम आजवर अर्धवट टाकलेलं नव्हतं. थोरला पुढे होऊन कामाला लागतो आणि धाकटा त्याच्याकडे बघत बघत शिकतो, असा तो प्रसंग होता. धुणं हे निमित्त होतं.

कोरियन व्हरायटी शोंचा जवळजवळ सगळा आनंद अशा ओळखीतून येतो. त्यामुळे 'सुरुवात कुठून करू?' या प्रश्नाला गाजलेल्या दहा कार्यक्रमांची यादी हे उत्तर पुरत नाही. कोरियन मालिकांमुळे किंवा बीटीएसमुळे, विशेषतः २०२०च्या टाळेबंदीनंतर, मराठी घरांमध्ये कोरियन मनोरंजन पाहणारे खूप झाले. त्यांच्यातले बरेच जण मालिकांशी थांबतात. आवडत्या नटाची एखादी खेळातली झलक मोबाइलवर दिसते, उत्सुकता वाटते, कार्यक्रम शोधला जातो, आणि समोर 'रनिंग मॅन'चे सातशेहून अधिक भाग उभे राहिले की माणूस परत फिरतो. पहिल्या भागापासून सुरुवात करणारेही पाच-सहा भागांत थकतात. माझं म्हणणं असं, की या जगात कार्यक्रमाच्या नावाने शिरूच नये. एखादं माणूस निवडावं आणि त्याच्या मागे जावं.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. कोरियात याला 'येनुंग' म्हणतात. आपल्याकडे 'रिअॅलिटी शो' म्हटलं की स्पर्धा, परीक्षक आणि दर आठवड्याला घरी जाणारा कुणीतरी, किंवा मग 'बिग बॉस'सारखी बंद घरातली भांडणं, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. व्हरायटीत सहसा ठरलेली पाच-सात माणसं असतात आणि ती वर्षानुवर्षं तीच राहतात. दर आठवड्याला त्यांना नवं काम, नवा खेळ किंवा नवी सहल मिळते. कुणी बाद होत नाही. हरलेल्याला थंड पाण्यात उडी मारावी लागते किंवा उपाशी झोपावं लागतं, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर असतो. भांडण हा इथला माल नाही. चिडवणं, फसवणं, चोरून खाणं आणि एकमेकांना सांभाळून घेणं यावर सगळं चालतं. या माणसांइतकाच महत्त्वाचा असतो 'पीडी', म्हणजे निर्माता आणि दिग्दर्शक या दोन्ही जबाबदाऱ्या पेलणारा माणूस, आणि त्याच्या मागे लेखकांची फळी. कार्यक्रमाची चव पीडीच्या हातची असते. चाहते पीडीचं नाव बघून कार्यक्रम निवडतात, ते योग्यच आहे.

या प्रकाराची मुळं जुनी आहेत, पण आजच्या रूपाची चाहूल १९९६ साली लागली असं मला वाटतं. एमबीसीचे पीडी किम यंग-ही आणि विनोदी कलाकार ली क्योंग-ग्यू रात्री सोलच्या एका रस्त्याकडेला कॅमेरे लपवून बसले. रस्ता ओस, पादचारी कुणी नाही, सिग्नल लाल. थांब्याच्या रेषेमागे जो चालक गाडी थांबवेल त्याला फ्रिज बक्षीस द्यायचा होता. गाड्यांमागून गाड्या सरळ निघून गेल्या. पहाटे चारच्या सुमाराला एक छोटी गाडी रेषेमागे येऊन नीट थांबली. धावत जाऊन पाहिलं तर चालक अपंग होता, शेजारी त्याची पत्नी. का थांबलात, या प्रश्नावर त्याने अडखळत्या उच्चारांत सांगितलं, की आपण नेहमीच थांबतो. त्या रात्रीची चर्चा देशभर झाली. विनोदी कार्यक्रम लोकांना हसवता हसवता एकदम गंभीर करू शकतो, हे तेव्हा सिद्ध झालं, आणि कोरियन व्हरायटीने ही ताकद पुढे कधी सोडली नाही.

पडद्यावर ठसठशीत अक्षरांत उमटणाऱ्या ओळींचं श्रेयही याच किम यंग-ही यांना दिलं जातं. जपानी दूरचित्रवाणीवर हे तंत्र आधी रुळलं होतं. नव्वदच्या दशकात ते कोरियात आलं. नव्या प्रेक्षकाला सगळ्यांत जास्त बिचकवणारी गोष्ट हीच असते. माणसं बोलत असतातच, वर पडद्यावर रंगीत शब्द येत असतात: कुणाच्या मनात काय चाललंय, कोण खोटं बोलतंय, कुणाचा चेहरा उतरलाय. चांगल्या पीडीच्या हाती या ओळी निवेदकाचं काम करतात. तो प्रेक्षकाच्या शेजारी बसून बोलतो, जुनी आठवण काढतो, एखाद्याची बाजू घेतो. इंग्रजी भाषांतरासह पाहताना खाली संवाद आणि वर या ओळी, असं दोन्ही वाचावं लागतं आणि पहिले काही तास डोळे दमतात. मोबाइलऐवजी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर बराच फरक पडतो. दुसरी सवय लागायला हवी ती एकच क्षण तीन-तीनदा वेगवेगळ्या कोनांतून दाखवण्याची. सुरुवातीला ती खटकते. नंतर त्या तीन वेळांत तीन वेगळ्या माणसांच्या प्रतिक्रिया असतात हे लक्षात येऊ लागतं.

'इन्फिनिट चॅलेंज' २००५ साली सुरू झाला तेव्हा त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. काही सामान्य दिसणारी, सामान्य ताकदीची माणसं बैलाशी रस्सीखेच खेळत होती, भुयारी रेल्वेशी धावण्याची शर्यत लावत होती आणि अर्थातच हरत होती. पीडी किम ते-हो आल्यावर हळूहळू या हरणाऱ्या माणसांची एक गोष्ट तयार झाली. यू जे-सोक, पार्क म्योंग-सू, जोंग जुन-हा, जोंग ह्योंग-दोन, नो होंग-चोल आणि हाहा हे सहा जण देशाला घरच्यांसारखे झाले. त्यांनी बॉबस्ले शिकून पाहिलं, नौकानयनाच्या शर्यतीत वल्ही मारली, दर दोन वर्षांनी नामवंत संगीतकारांना सोबत घेऊन गाण्यांचा महोत्सव भरवला.

माझ्या मते या कार्यक्रमाचं शिखर म्हणजे २०१० सालचा कुस्तीचा उपक्रम. सुमारे वर्षभर सराव करून त्यांनी सोलच्या जांगचुंग क्रीडागृहात प्रेक्षकांसमोर व्यावसायिक पद्धतीच्या कुस्त्या केल्या. त्या संध्याकाळी जोंग ह्योंग-दोनला मळमळून उलट्या होत होत्या. बाहेर मंचावर गायक साय जोशात गात होता. 'गंगनम स्टाइल'ने तो जगभर पोचण्याआधीची ही गोष्ट. संकलनात एकदा मंचावरचा उत्साह आणि एकदा पडद्यामागे कोसळलेला ह्योंग-दोन असं आलटून पालटून दाखवलं आहे. गाणं सायच्या जुन्या गाण्यांपैकी, लोकांना रिझवणाऱ्या कलाकाराबद्दलचं. शब्दाने काहीही न सांगता करमणुकीच्या धंद्याची किंमत त्या काही मिनिटांत कळते. नंतर ह्योंग-दोन आखाड्यात उतरला आणि लढला.

२०१२ साली एमबीसीच्या कर्मचाऱ्यांच्या संपात कार्यक्रमाचे नवे भाग चोवीस आठवडे थांबले, आणि लोक जुने भाग पाहत थांबून राहिले. ३१ मार्च २०१८ रोजी ५६३ भागांनंतर कार्यक्रम संपला. एवढं असूनही नवशिक्याने इथून सुरुवात करू नये असंच मी म्हणेन. यातले विनोद एकमेकांवर रचलेले आहेत, कोरियातल्या त्या त्या वर्षाच्या घडामोडींशी बांधलेले आहेत. आधी थोडी ओळख व्हावी, मग इथे यावं.

केबीएस वाहिनीवर २००७ साली आलेला 'वन नाइट टू डेज' त्या मानाने सोपा. सहा पुरुष, एक रात्र, दोन दिवस, देशातलं एखादं गाव किंवा बेट. खेळात जिंकलात तर जेवण, हरलात तर उपास. जिंकलात तर खोलीत झोप, हरलात तर कडाक्याच्या थंडीत बाहेर. चमूचा म्होरक्या कांग हो-दोंग, जो मुळात कोरियन कुस्तीचा, म्हणजे 'स्सिरुम'चा, विजेता मल्ल होता. पण या कार्यक्रमाने घडवलेला खरा नवा नायक कॅमेऱ्यामागचा होता. पीडी ना यंग-सोक कलाकारांशी जेवणावरून घासाघीस करू लागला, आणि ती घासाघीस पडद्यावर दिसू लागली. एकदा कलाकारांशी लावलेली पैज हरल्यामुळे अख्ख्या तांत्रिक चमूला, पीडीसकट, उघड्यावर झोपावं लागलं. दाखवणारे आणि दिसणारे यांच्यातली भिंत पडली, ती तेव्हापासून पडलेलीच आहे.

ना यंग-सोक २०१३च्या सुरुवातीला केबीएस सोडून सीजे समूहात गेला, आणि त्याच वर्षी टीव्हीएन या केबल वाहिनीवर 'ग्रँडपाज ओव्हर फ्लॉवर्स' आलं. ली सुन-जे, शिन गू, पार्क गुन-ह्योंग आणि पेक इल-सोप हे चार ज्येष्ठ नट, सगळे सत्तरीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे, पाठीला पिशव्या लावून फ्रान्स-स्वित्झर्लंडला निघाले. त्यांचं सामान वाहायला, रस्ते शोधायला आणि हिशेब ठेवायला चाळिशीतला नट ली सो-जिन. त्याला आधी सांगितलं होतं, की तरुण गायिकांसोबत सहलीला जायचंय. विमानतळावर चार आजोबा दिसल्यावर त्याचा चेहरा जो पडला, तिथून कार्यक्रम सुरू झाला. ली सुन-जे सगळ्यांच्या पुढे ताठ चालत राहतात, इल-सोपचे गुडघे दुखतात, आणि त्यांच्यातलं अंतर रस्त्यावर वाढत जातं. दोघांच्या मध्ये सो-जिन कधी पुढे, कधी मागे धावतो. म्हातारपण, मैत्री आणि चिडचिड यांचं इतकं प्रेमळ चित्रण मी दूरचित्रवाणीवर क्वचित पाहिलं आहे. या कल्पनेवर अमेरिकेत एनबीसीने २०१६ साली 'बेटर लेट दॅन नेव्हर' काढलं.

माझ्या मते सुरुवात करायला सगळ्यांत चांगला माणूस हाच, ली सो-जिन. तो विनोदी कलाकार नाही, मोठ्याने बोलत नाही, कॅमेऱ्याकडे बघून काही करत नाही. सतत कुरकुरतो आणि सांगितलेलं प्रत्येक काम चोख करतो. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये ना यंग-सोकने त्याला गांगवॉन प्रांतातल्या जोंगसोनच्या डोंगराळ खेड्यात नेऊन सोडलं आणि 'थ्री मील्स अ डे' सुरू झालं. अट एकच: दिवसाची तीन जेवणं स्वतः, शक्यतो आवारात पिकलेल्या वस्तूंतून करायची. हे असलं काही चालेल का, असं सो-जिन पहिल्याच भागात म्हणत होता. ते चाललं. मग २०१७ साली ज्येष्ठ अभिनेत्री यून यो-जंग यांनी इंडोनेशियातल्या गिली त्रावांगान बेटावर छोटं उपाहारगृह चालवायचं ठरलं, 'यून्स किचन' नावाने. सो-जिन तिथे व्यवस्थापक. पहिल्या दिवसाचा धंदा झाल्यावर कळलं, की किनाऱ्यालगतची बांधकामं पाडणार, त्यात आपलंही दुकान जाणार. घाईघाईने दुसरी जागा उभी केली. दुसरा हंगाम २०१८ साली स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या गाराचिको गावात झाला, आणि कोरियात त्याच्या एका भागाने सोळा टक्क्यांच्या घरात प्रेक्षक खेचले. केबल वाहिनीसाठी हा फार मोठा आकडा. २०२१ साली, ज्या वर्षी 'मिनारी'साठी यून यो-जंग यांना ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी त्यांनी कोरियातल्या जुन्या धाटणीच्या घरात पाहुणे ठेवण्याचा 'यून्स स्टे' केला. आणि २०२३ साली मेक्सिकोतल्या बाकालारला 'जिनीज किचन' उघडलं. इथे मालक खुद्द ली सो-जिन, आणि हाताखाली शिकाऊ म्हणून बीटीएसचा व्ही.

आजोबांच्या पिशव्या वाहणारा माणूस दहा वर्षांत दुकानाचा मालक झाला. ही कुणी लिहून काढलेली कथा नाही. एकामागून एक कार्यक्रम करताना ती आपोआप घडली, आणि ती क्रमाने पाहणाऱ्यालाच दिसते. यातले बहुतेक हंगाम दहा-बारा भागांत संपतात. म्हणून ज्याला सातशे भागांची भीती वाटते त्याने 'यून्स किचन'च्या दुसऱ्या हंगामापासून सुरुवात करावी. भाषेचे खेळ कमी, गाव सुंदर, काम सोपं समजणारं: ग्राहक आले, बिबिंबाप मागितलं, आत धांदल उडाली. चारेक भागांत सो-जिनचं कुरकुरणं ओळखीचं होतं. मग मागे आजोबांच्या सहलीकडे जावं, नंतर पुढे मेक्सिकोकडे.

'थ्री मील्स अ डे'बद्दल मात्र आणखी बोलायला हवं, कारण त्याची मच्छीमार गावातली शाखा हे माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकारातलं सर्वोत्तम काम आहे. जानेवारी २०१५. मोक्पो बंदरातून बोटीने पाच तासांहून जास्त लांब असलेलं मान्जे-दो बेट. चा सुंग-वॉन आणि यू हे-जिन, दोघेही चित्रपटांतले मुरलेले नट आणि जुने मित्र. सुंग-वॉन स्वयंपाक करतो, तोही घाईने, नीटनेटका आणि चवदार; हे-जिन मासे आणायला जातो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. मासा नाही, तर जेवणात मासा नाही. रिकाम्या बादलीकडे बघून सुंग-वॉन काहीही बोलत नाही आणि दुसरं काहीतरी शिजवायला घेतो. पन्नाशीकडे झुकलेल्या दोन पुरुषांमधली ती समज पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चित्रीकरणात त्यांच्यासोबत तिसरा नट होता. कराच्या प्रकरणात नाव आल्यामुळे त्याने कार्यक्रम सोडला, पहिला भाग आठवडाभर पुढे गेला आणि झालेल्या चित्रीकरणातून त्याला जवळजवळ पूर्ण काढून टाकलं गेलं. पाहुणा म्हणून आलेला सोन हो-जुन मग तिथलाच झाला. भाग पाहताना हे मुद्दाम शोधावं लागतं, इतकं संकलन सफाईदार आहे.

ज्यांना मालिकांचं वेड आहे त्यांच्यासाठी एक वेगळं दार उघडं आहे. 'रिप्लाय १९८८' आणि 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' लिहिणारी ली वू-जोंग आधी 'वन नाइट टू डेज'ची लेखिका होती, आणि दिग्दर्शक शिन वॉन-होही केबीएसच्या व्हरायटी विभागातून आलेला. त्या मालिकांमध्ये कथानकापेक्षा माणसांच्या एकत्र बसण्या-जेवण्याला जी जागा मिळते, ती कुठून आली हे यावरून समजतं. 'रिप्लाय १९८८'चे चार तरुण नट २०१६ साली 'युथ ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये नामिबियाला गेले. 'हॉस्पिटल प्लेलिस्ट'चे पाचही डॉक्टर २०२१ साली जोंगसोनच्याच डोंगरातल्या एका घरात स्वयंपाक करायला आले. मालिका पाहिलेली असेल तर माणसांची ओळख आधीच झालेली असते, अर्धं काम झालेलं असतं. बीटीएसच्या चाहत्यांचं तर पूर्णच झालेलं असतं. त्यांनी 'रन बीटीएस' पाहावं, त्यातल्या खेळांची मुळं 'रनिंग मॅन'मध्ये आणि ना यंग-सोकच्या कार्यक्रमांत आहेत हे हळूहळू दिसेल.

आता 'रनिंग मॅन'. ११ जुलै २०१० रोजी एसबीएसवर सुरू झालेला हा कार्यक्रम आशियाभर पोचला. २०१४ साली चीनने त्याची स्वतःची आवृत्ती काढली, पुढे व्हिएतनाम आणि फिलिपिन्सनेही. पाठीवर नावाची पट्टी, ती ओढून काढली की माणूस बाद, एवढा साधा खेळ. त्यावर हेर, फितुरी, खोट्या मैत्री असे थर चढत गेले. किम जोंग-कूकची ताकद, सोंग जी-ह्योची अचानक चमकणारी हुशारी, ली क्वांग-सूचा विश्वासघात आणि त्याचं दुर्दैव, जी सोक-जिनचं सगळ्यात आधी बाद होणं, हे स्वभाव प्रेक्षकांना पाठ झाले. २०१६च्या डिसेंबरमध्ये कार्यक्रमाला नवं रूप द्यायचं म्हणून जोंग-कूक आणि जी-ह्यो यांना नीट न सांगता वगळलं जात असल्याची बातमी आली. लोक इतके संतापले की कांग हो-दोंगने नव्याने येण्यास नकार दिला, कार्यक्रम बंद करायचं ठरलं, आणि जानेवारीत तोही निर्णय फिरवून जुन्याच सहा जणांसह तो पुढे चालू राहिला. प्रेक्षकांचं या माणसांशी किती घट्ट नातं असतं याचा याहून मोठा पुरावा नाही. १३ जून २०२१चा क्वांग-सूचा निरोपाचा भाग पाहताना रडू येतं, पण त्याआधी त्याचे निदान तीस-चाळीस भाग पाहिलेले असले तरच.

इथे क्रमाने जायची गरज नाही. आवडता पाहुणा ज्या भागात आला असेल तो लावावा, किंवा यू जे-सोक पाण्याची पिचकारी घेऊन हेरगिरी करतो तो भाग शोधावा. कोरियन वाहिन्यांच्या यूट्यूबवरच्या अधिकृत खात्यांवर इंग्रजी भाषांतरासह बरंच काही मिळतं. केबीएस वर्ल्डच्या खात्यावर 'वन नाइट टू डेज' आहे. बाकी विकी आणि नेटफ्लिक्स या स्ट्रीमिंग सेवांवर.

नेटफ्लिक्सचं नाव आलं की एक वाद मिटवायला हवा. आज बहुतेक जण 'फिजिकल: १००' किंवा 'कलिनरी क्लास वॉर्स'मुळे इकडे वळतात. २०२३चा 'फिजिकल: १००' आणि २०२४चा 'कलिनरी क्लास वॉर्स' दोन्ही उत्तम आहेत. दुसऱ्यात ऐंशी अनोळखी स्वयंपाकी आणि वीस नामवंत समोरासमोर येतात. पेक जोंग-वॉन आणि आन सोंग-जे हे परीक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून घास तोंडात घेतात, तेव्हा बनवणाऱ्याचं नाव खरोखर गळून पडतं. पण या स्पर्धा आहेत. निकाल लागला की माणसं पांगतात. त्या पाहून व्हरायटीची चव कळली असं समजू नये. बुद्धीचे डाव आवडणाऱ्यांनी पीडी जोंग जोंग-योनच्या वाटेने जावं: २०१३चा 'द जीनियस', मग 'ग्रेट एस्केप', मग नेटफ्लिक्सवरचा 'डेव्हिल्स प्लॅन'. तिथे पुन्हा एकाच हाताची ओळख पटत जाते.

हे सगळं खरं असतं का, हा प्रश्न प्रत्येक नवा प्रेक्षक विचारतो. आराखडा लिहिलेला असतो. २००९ साली एसबीएसच्या 'फॅमिली आउटिंग'ची संहिता बाहेर आली तेव्हा कोरियात मोठा गदारोळ झाला होता, कारण तिथे बारीकसारीक संवादही लिहिलेले दिसले. खेळ ठरलेले, जागा ठरलेली, जोड्याही पुष्कळदा ठरवलेल्या. दहा वर्षं एकत्र काम केलेल्या माणसांची एकमेकांना होणारी सवय मात्र लिहून आणता येत नाही. मला त्यासाठीच हे कार्यक्रम पाहावेसे वाटतात.

खोटेपणाची गंभीर उदाहरणंही आहेत, ती झाकू नयेत. एमनेट वाहिनीच्या 'प्रोड्यूस' या गायक निवडणाऱ्या स्पर्धेत प्रेक्षकांची मतं फिरवल्याचं २०१९ साली उघड झालं आणि पीडीला तुरुंगवास झाला. ज्या तरुण मुलामुलींची जागा हिरावली गेली त्यांचं नुकसान भरून येण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी 'वन नाइट टू डेज'च्या एका कलाकाराचं लैंगिक गुन्ह्याचं प्रकरण बाहेर आलं, कार्यक्रम थांबवावा लागला, आणि डिसेंबरमध्ये नव्या माणसांसह तो परत आला. जुन्या भागांमध्ये दिसण्यावरून, वजनावरून, वयावरून केलेले विनोद भरपूर आहेत. आज ते पाहताना अंगावर येतात. आणि गाजलेले चमू बहुतांशी पुरुषांचे आहेत. 'रनिंग मॅन'मध्ये सोंग जी-ह्यो कित्येक वर्षं एकटी होती. केबीएसच्या 'सिस्टर्स स्लॅम डंक'ने २०१६ साली सगळा चमू बायकांचा केला, आणि २०२१ साली एमनेटच्या 'स्ट्रीट वुमन फायटर'ने गायकांच्या मागे नाचणाऱ्या मुलींना पुढे आणलं. ती स्पर्धाच, पण त्या मुलींचा एकमेकींबद्दलचा आदर पाहण्यासारखा आहे.

मराठी माणसाला या जगात एक गोष्ट आपोआप समजते. कोरियात वयाने मोठ्याशी बोलण्याची रीत वेगळी, धाकट्याशी वेगळी, आणि चुकीची रीत वापरली तर सगळे चमकतात. 'अहो' आणि 'अरे'त वाढलेल्या कानाला त्यातली गंमत लवकर पकडता येते. २०१५च्या डिसेंबरपासून चालू असलेल्या जेटीबीसीच्या 'नोइंग ब्रोज'चा पायाच तो आहे: शाळेचा वर्ग, सगळे गणवेशात, आणि येणारा पाहुणा कितीही मोठा किंवा लहान असो, सगळ्यांनी एकमेकांशी 'अरे-तुरे'नेच बोलायचं. इंग्रजी भाषांतरात हे अर्धं हरवतं.

भारताशी नातं मुंबईपुरतं राहिलं नाही. चित्रकथाकार कियान८४ 'अॅडव्हेंचर बाय अॅक्सिडेंट'च्या दुसऱ्या हंगामात, २०२३ साली, वाराणसीला आला, घाटावर फिरला, गंगेचं पाणी प्यायला, हाताने जेवला, आणि त्या वर्षाअखेरीस एमबीसीचा सर्वोच्च मनोरंजन पुरस्कार त्याला मिळाला. परदेशी माणूस आपल्याकडे काय पाहतो, कुठे बुजतो आणि कुठे आपलासा होतो, हे पाहायचं असेल तर त्याचे ते भाग जरूर पाहावेत. नाक मुरडणं त्यात नाही.

यू जे-सोकपर्यंत पोचायचं तर 'यू क्विझ ऑन द ब्लॉक'चे पहिले हंगाम निवडावेत. तो १९९१ साली विनोदी कलाकारांच्या स्पर्धेतून आला आणि जवळजवळ दशकभर त्याला कुणी ओळखत नव्हतं. ऑगस्ट २०१८ पासून तो आणि जो से-हो, दोघे सोलच्या गल्ल्यांतून पायी हिंडू लागले. पादत्राणं दुरुस्त करणारा, किराणा दुकानदार, शाळेतून घरी जाणारी मुलं, बाकावर बसलेल्या आजी, जो भेटेल त्याच्याशी गप्पा मारायच्या, मग प्रश्न विचारायचे आणि उत्तरं बरोबर आली तर तिथल्या तिथे दहा लाख वॉन द्यायचे. करोनानंतर हा कार्यक्रम खोलीत गेला आणि पुढे बीटीएस, बिल गेट्स अशी मोठी माणसं तिथे आली. ते भागही चांगले आहेत. पण गल्लीतले आधी पाहा. रस्त्याकडेच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून एका आजींचं आयुष्य ऐकताना तो प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून देतो, आणि कॅमेराही घाई करत नाही.